चांगलं शिकवण्याची दखल: मराठवाड्यातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

सहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात हातात वेळापत्रक पडतं, वर्कलोडचा तक्ता पडतो आणि कुठल्यातरी समितीवर नेमणूक झाल्याचं पत्र येतं. चांगलं शिकवायला मदत कुठं मिळते आणि चांगलं शिकवलं तर त्याची दखल कोण घेतं, हे मात्र कुणी कागदावर लिहून देत नाही. वरिष्ठ सर-मॅडम आपुलकीनं सांगतात, पण तुकड्यातुकड्यानं. एकजण एफडीपीचं, म्हणजे शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमांचं सांगतो, दुसरा कॅसचं, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेचं, तिसरा कुठल्या पुरस्काराचं. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे उमगेपर्यंत पाच-सहा वर्षं निघून जातात आणि तोवर बरेच कागद हरवलेले असतात.

हा लेख मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत नुकतंच शिकवायला लागलेल्यांसाठी आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव इथली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली इथली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं. कृषी महाविद्यालयात असाल तर तुमचं घर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. नियमांचा गाभा सगळीकडं सारखाच आहे, फरक परिपत्रकांत आणि तारखांत असतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. प्रशिक्षण, पदोन्नती आणि पुरस्कार यांचे अर्ज वेगळे, खिडक्या वेगळ्या, समित्याही वेगळ्या. पण तुमच्या वर्गात मुलं नेमकं काय शिकली याचा पुरावा तिन्हींच्या मुळाशी असायला हवा. तो पहिल्या सत्रापासून साठवत गेलात तर पुढचं काम निम्मं होतं. तो नसेल, तर प्रमाणपत्रांचा कितीही जाड गठ्ठा तुमच्या शिकवण्याबद्दल फार काही बोलत नाही.

पायरी पहिली: कोण काय देतं ते ओळखा

उत्तम अध्यापनाला संस्थेनं पाठबळ द्यावं हा विचार जगभर रुजायला वेळ लागला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं त्यासाठी १९६२ मध्ये स्वतंत्र केंद्र काढलं. कॅनडात १९८६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची अध्यापन फेलोशिप सुरू झाली, ब्रिटनमध्ये २००० मध्ये. आपल्याकडं १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पाठोपाठ १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं उभी केली. जुने सर अजूनही ‘स्टाफ कॉलेजला गेलो होतो’ म्हणतात ते हेच. २०१५ मध्ये त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. असं एक केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे. म्हणजे मदतीचं सगळ्यात जवळचं दार आपल्या विभागातच आहे.

याखेरीज पुण्यात महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्था आहे. तिचे अभ्यासक्रम खास महाविद्यालयीन शिक्षकांसाठी असतात. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावर ऑनलाइन अभ्यासक्रम मिळतात. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, आठ मॉड्यूलचं शिक्षक प्रशिक्षण आहे. कृषी शिक्षकांसाठी हैदराबादची राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी, म्हणजे ‘नार्म’, आहे.

आणि सगळ्यात जवळचं म्हणजे तुमच्याच महाविद्यालयातली अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची खोली, जिला सगळे आयक्यूएसी म्हणतात. नवे शिक्षक तिकडं फक्त कागद मागितले की जातात. रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात समन्वयकांना भेटा आणि दोन गोष्टी मागून घ्या: महाविद्यालयात विद्यार्थी अभिप्रायाचा कोणता नमुना वापरतात तो, आणि मागच्या वर्षीच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाची प्रत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या २०१७ च्या आराखड्यात संलग्न महाविद्यालयाच्या १००० पैकी ३५० गुण एकट्या ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ या दुसऱ्या निकषाला होते आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही त्यातच होतं. तुमच्या वर्गातलं चांगलं काम महाविद्यालयालाही कामाचं असतं. हे ध्यानात ठेवून बोललात तर आयक्यूएसीत तुमचं स्वागतच होईल.

पायरी दुसरी: पहिल्या सत्रापासून अध्यापनाची वही ठेवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकवण्याची दैनंदिनी सगळेच भरतात. कोणत्या तारखेला कोणता घटक झाला एवढंच तिच्यात असतं. तिच्या शेजारी एक साधी वही ठेवा, किंवा फोनमध्ये फोल्डर करा. त्यात प्रत्येक तासाचं लिहायची गरज नाही. एका सत्रात दोन-तीन घटक निवडा, जिथं दरवर्षी मुलं अडतात असे, आणि त्यांचीच नीट नोंद ठेवा. नोंदीत चार गोष्टी याव्यात: शिकवण्याआधी मुलांना काय येत होतं, तुम्ही काय वेगळं केलं, नंतर काय यायला लागलं आणि पुढच्या वेळी काय बदलणार.

एक नमुना देतो. समजा तुम्ही बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवता आणि घटक आहे मागणीची लवचिकता. शिकवण्याआधी पाच मिनिटं द्या आणि कोऱ्या कागदावर एकच प्रश्न सोडवायला सांगा: ‘भाव वाढला की विक्री किती कमी होईल हे कशावर ठरतं?’ बहुतेक कागदांवर येईल, ‘भाव वाढला की मागणी कमी होते.’ हे मागणीच्या नियमाचं उत्तर झालं, लवचिकतेचं नाही. आता मुलांना गट करून आपापल्या गावच्या आठवडी बाजारात पाठवा. सलग चार आठवडे टोमॅटो, मीठ, तूरडाळ यांचे भाव लिहून आणायचे आणि विकणाऱ्या मावशींना विचारायचं की भाव चढला तेव्हा गिऱ्हाईक किती तुटलं. मग त्या आकड्यांवर वर्गात सूत्र मांडा. शेवटी तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर द्या. एखादी मुलगी लिहील, ‘टोमॅटो महागला की आई भाजीत चिंच घालते, पण मिठाचा भाव वाढला तरी मीठ तेवढंच लागतं, कारण मिठाला पर्याय नाही.’ पर्यायी वस्तूचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आला. पहिला आणि दुसरा कागद एकत्र टाचा, पाच-सहा मुलांच्या अशा जोड्या बाजूला ठेवा. किती कागदांत पहिल्या वेळी पर्यायाचा उल्लेख होता आणि किती कागदांत दुसऱ्या वेळी आला, ते मोजून वहीत लिहा. मुलांची नावं झाकून कागदांचे फोटो काढा.

कोणत्याही समितीपुढं ठेवायला याहून भक्कम कागद मला माहीत नाही. त्याला खर्च काही नाही, वेळ शिकवण्यातच जातो आणि मुलांचाही फायदा होतो. विज्ञानवाल्यांना प्रयोगवहीतल्या निरीक्षणांवरून हेच करता येतं, भाषावाल्यांना निबंधाच्या पहिल्या आणि तिसऱ्या मसुद्यावरून.

दुसरी सवय चिठ्ठ्यांची. आठवड्यातून एकदा, तास संपायच्या तीन मिनिटं आधी, मुलांना नाव न लिहिता एका ओळीत लिहायला सांगा: आज काय कळलं नाही? आपल्याकडं मुलं तोंडानं ‘सर, कळलं नाही’ म्हणायला कचरतात, विशेषतः गावाकडून एसटीनं येणाऱ्या मुली आणि पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवलेल्या घरांतली मुलं. चिठ्ठीत मात्र ती मोकळेपणानं लिहितात. पुढच्या तासाची सुरुवात त्या चिठ्ठ्यांतल्या सगळ्यात जास्त आलेल्या शंकेनं करा. मुलांना कळतं की आपलं वाचलं जातं, आणि पुढच्या चिठ्ठ्या आणखी नेमक्या येतात.

बीड जिल्ह्यात किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुठल्याही पट्ट्यात शिकवत असाल तर एक नोंद आवर्जून ठेवा. दसरा-दिवाळीनंतर काही मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जातात, काही धाकट्या भावंडांना सांभाळायला गावात अडकतात. हजेरीपटावर त्यांच्यापुढं नुसती ‘गैरहजर’ची खूण दिसते. तुम्ही त्यांना फोनवर टिपणं पाठवली असतील, तासाचं रेकॉर्डिंग दिलं असेल, परत आल्यावर जादा तास घेतले असतील तर ते तारखेनिशी लिहा. मराठवाड्यात अध्यापनातली गुणवत्ता कशात दिसते असं कुणी विचारलं तर मी या नोंदीकडं बोट दाखवीन. चांगल्या परिस्थितीतल्या मुलांना उत्तम शिकवणं हे चांगलंच, पण तुटलेल्या हजेरीच्या मुलाला परीक्षेपर्यंत नेणं हे जास्त अवघड काम आहे, आणि पुरस्काराच्या अर्जात ते क्वचितच कुणी मांडतं.

पायरी तिसरी: प्रशिक्षण निवडताना आधी स्वतःची अडचण ठरवा

नव्यानं रुजू झालेल्यांसाठी पहिला कार्यक्रम म्हणजे गुरुदक्षता, यालाच फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम म्हणतात. महिनाभराचा असतो. पूर्वीच्या ओरिएंटेशनची जागा त्यानं घेतली. विषयाचं ज्ञान वाढवणं हा त्याचा हेतू नाही. शिकवायचं कसं, मूल्यमापन कसं करायचं, विद्यार्थ्यांशी आणि संस्थेशी कसं वागायचं, याच्यावर भर असतो. त्यानंतर रिफ्रेशर, म्हणजे उजळणी अभ्यासक्रम, साधारण दोन आठवड्यांचा, विषयाशी जोडलेला. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरचे छोटे ऑनलाइन कार्यक्रम आहेत, त्यात आठ विषय-सूत्रं घेतात. हा छोटा कार्यक्रम म्हणजे गुरुदक्षता नव्हे, ही गल्लत नव्या शिक्षकांची वारंवार होते. अर्ज करताना कार्यक्रमाचं पूर्ण नाव आणि कालावधी वाचा, आणि प्रमाणपत्रावरही तेच लिहून आलंय का ते पाहा.

अर्जाची रीत अशी. मालवीय मिशनच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, वर्षभराच्या वेळापत्रकातून कार्यक्रम निवडायचा, प्राचार्यांचं ना हरकत पत्र जोडायचं. कार्यक्रम प्रत्यक्ष हजेरीचा असेल तर कर्तव्य रजेचा अर्ज आधी मंजूर करून घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. परत आल्यावर प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात द्या आणि सेवापुस्तिकेत नोंद झाली का ते स्वतः डोळ्यांनी बघा. पदोन्नतीच्या वेळी जी धावाधाव होते, ती बहुतेक या एका राहिलेल्या नोंदीमुळं होते.

जवळच्या केंद्रात जागा भरल्या असतील तर देशातल्या कुठल्याही मालवीय मिशन केंद्राचा ऑनलाइन कार्यक्रम करता येतो. तरीही एकदा तरी प्रत्यक्ष हजेरीचा करा असं मी आग्रहानं सांगेन. उमरगा, किनवट, अंबाजोगाई, सेनगाव अशा ठिकाणांहून आलेले त्याच विषयाचे शिक्षक महिनाभर एकत्र राहतात, जेवतात, एकमेकांचे नमुना पाठ बघतात. एकशिक्षकी विभागात काम करणाऱ्याला, आणि आपल्याकडं असे विभाग पुष्कळ आहेत, विषयावर बोलायला माणूस मिळणं ही साधी गोष्ट नाही. तिथं जमलेली ओळख पुढं प्रश्नपत्रिका, अभ्यासमंडळ, संशोधन सगळीकडं कामी येते.

जाण्याआधी एक प्रश्न लिहून न्या. ‘माझ्या वर्गात पहिल्या रांगेतली पाच मुलंच बोलतात, बाकीच्यांना कसं बोलतं करू?’ किंवा ‘पाठ्यपुस्तक इंग्रजीत, मुलं मराठी माध्यमातली, परिभाषा कशी पचवू?’ असा नेमका प्रश्न घेऊन गेलात की प्रत्येक व्याख्यानातून तुमच्या कामाचं निघतं. आल्यावर त्या प्रश्नावर वर्गात काय करून पाहिलं ते वहीत लिहा. प्रमाणपत्र आणि त्यामागून आलेला बदल यांची अशी जोडी समितीला दाखवता आली तर बाकी पन्नास अर्जांत तुमचा अर्ज उठून दिसतो.

‘स्वयम्’चे अभ्यासक्रम करायचे असतील तर परीक्षेपर्यंत जा. नुसती नोंदणी आणि व्हिडिओ बघणं याला कुठंच किंमत नाही. त्यातल्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या, अभ्यासक्रमांत साधारण २५ टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७५ टक्के प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेचे असतात.

पायरी चौथी: कुणाला तरी मागच्या बाकावर बसवा

आपल्याकडं दुसऱ्या शिक्षकाचा तास बघायची पद्धत जवळजवळ नाही. वर्गात प्राचार्य आले म्हणजे तपासणी, असंच वाटतं. म्हणून विश्वासातल्या एका सहकाऱ्याला विचारा, ‘सर, माझ्या तासाला मागं बसाल का? फक्त एवढंच मोजा, मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो.’

हाच प्रश्न का, ते सांगतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात असंख्य तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी संज्ञा ऐकून, मनात मराठीत विचार करून बोलायचं असतं, त्याला तर हे तीन सेकंद फारच गरजेचे. हे करून बघायला पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

सहकाऱ्यानं जे पाहिलं ते अर्ध्या पानावर लिहून सही करून द्यायला सांगा. तुम्हीही त्यांच्या तासाला बसा. अशी चार-पाच अर्धी पानं वर्षभरात जमली की विद्यार्थी अभिप्रायाच्या जोडीला सहकाऱ्यांचा अभिप्रायही तुमच्याकडं तयार झाला. परदेशात उत्तम शिक्षक निवडताना हा पुरावा मोलाचा धरतात. आपल्याकडंही समितीतल्या जाणत्या सदस्यांना तो वाचायला आवडतो.

पायरी पाचवी: कॅसचा हिशेब लवकर समजून घ्या

कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, पदोन्नतीची योजना. १८ जुलै २०१८ च्या यूजीसी नियमावलीवर ती उभी आहे आणि राज्यानं ती ८ मार्च २०१९ च्या जीआरनं लागू केली. सहाय्यक प्राध्यापकाला लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल किंवा एलएलएम-एमटेकसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर ५, आणि नसेल तर ६ वर्षं सेवा लागते. सोबत २१ दिवसांचं ओरिएंटेशन (ज्याची जागा आता गुरुदक्षतेनं घेतली आहे), आणि त्याखेरीज एखादं रिफ्रेशर, किंवा किमान आठवडाभराचे दोन कार्यक्रम, किंवा प्रमाणपत्रासह एक मूक अभ्यासक्रम. इथं ‘मूक’ म्हणजे ‘स्वयम्’वरचे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम.

अध्यापनाची श्रेणी कशी ठरते ते नीट बघा. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगलं’, ७० ते ८० च्या मधे ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. त्यासोबत परीक्षा, एनएसएस, समित्या, विद्यार्थी उपक्रम असल्या कामांपैकी किमान तीन केली की त्या भागात ‘चांगलं’. म्हणजे हा हिशेब तास किती घेतले ते मोजतो, कसे घेतले ते नाही. ही त्या नियमाची मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तोच नियम सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचं अध्यापन सांगतो. ते १६ तास जीव ओतून घेणारा आणि नुसता फळा भरणारा, दोघं इथं सारखेच दिसतात.

त्याच नियमावलीतला एक कोपरा मात्र चांगलं शिकवणाऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो कमी लोक वाचतात. गुणांकनाच्या दुसऱ्या तक्त्यात शोधनिबंधांच्या खाली अध्यापनाचं साहित्य तयार करण्याला गुण आहेत. नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धत विकसित केली तर ५, नवा अभ्यासक्रम तयार केला तर २, पूर्ण अभ्यासक्रमाचं चार भागांतलं ई-साहित्य केलं तर १२ आणि ४ श्रेयांकांचा पूर्ण मूक अभ्यासक्रम उभा केला तर २०. चार भाग म्हणजे व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि जोडसाहित्य, आणि स्वाध्याय. वर सांगितलेली आठवडी बाजाराची पद्धत नीट लिहून, तपासून, आयक्यूएसीकडून मान्य करून घेतली तर ती पहिल्या प्रकारात मांडता येते.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर केला. त्यात शिक्षकाच्या उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रं दिली होती, आणि त्यांत नावीन्यपूर्ण अध्यापन आणि भारतीय भाषांमधून अध्यापन ही दोन्ही होती. मसुदा म्हणजे नियम नव्हे. तुमचा प्रस्ताव ज्या दिवशी जाईल त्या दिवशी लागू असलेला जीआरच पाहावा लागतो. पण मराठीतून टिपणं, परिभाषेच्या याद्या, व्हिडिओ करत असाल तर ते तारखेनिशी जपून ठेवा. वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच आहे, आणि नसतं तरी आपल्या मुलांना त्यांची गरज आहे.

प्रस्ताव महाविद्यालयातून विद्यापीठाकडं आणि पुढं विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडं जातो. ही कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथं आहेत. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक मागा.

पायरी सहावी: पुरस्कारासाठी अर्ज करायला लाजू नका

विद्यापीठ पातळीवरचे उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार परिपत्रकानं जाहीर होतात. मुदत थोडी असते आणि परिपत्रक कार्यालयातल्या फायलीत पडून राहतं. विद्यापीठाचं संकेतस्थळ जून ते ऑगस्टमध्ये दर आठवड्याला उघडा. दोन्ही विद्यापीठांचे वर्धापन दिन याच सुमारास येतात, छत्रपती संभाजीनगरचा २३ ऑगस्टला आणि नांदेडचा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार पूर्वी शालेय शिक्षकांपुरता होता. २०२३ पासून उच्च शिक्षण आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनाही तो मिळू लागला. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये असं त्याचं स्वरूप. पदवी किंवा पदव्युत्तर पातळीवर किमान ५ वर्षं पूर्णवेळ अध्यापन आणि वय ५५ च्या आत, ही मुख्य अट. कुलगुरू, संचालक, प्राचार्य पदावर असलेल्यांना तो नाही, म्हणजे तो खरोखर वर्गात शिकवणाऱ्यांसाठी आहे. केंद्र सरकारच्या पुरस्कारांच्या संकेतस्थळावर स्वतःचं नामांकन स्वतः भरता येतं. निवडीत अध्यापनाची परिणामकारकता आणि समाजाशी जोडलेलं काम यांना वजन आहे. ऊसतोडीच्या मुलांच्या नोंदी इथं कामी येतात.

कृषी शिक्षकांना भारतीय कृषी संशोधन परिषदेनं भारतरत्न डॉ. सी. सुब्रमण्यम यांच्या नावाचा उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार दिला आहे, अभियांत्रिकीवाल्यांना एआयसीटीईनं विश्वेश्वरय्यांच्या नावाचा.

आपल्याकडच्या चांगल्या शिक्षकांना स्वतःविषयी लिहायचा मनापासून संकोच असतो. ‘माझं काम मुलांना माहीत आहे, मी कशाला अर्ज करू?’ असं म्हणतात. मी त्यांचा आदर करतो, पण ते अर्ज करत नाहीत म्हणून समितीपुढं फक्त शोधनिबंधांच्या याद्या येतात आणि निवडही त्यावरच होते. अर्ज केला की शिकवण्याचा पुरावा समितीपुढं जातो, आणि हळूहळू समितीही तो मागायला लागते.

अर्ज लिहिताना विशेषणं टाळा. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘उपक्रमशील’ असे शब्द प्रत्येक प्रस्तावात असतात. त्याऐवजी वहीतली एक जोडी दाखवा: आधी मुलगा काय लिहीत होता, नंतर काय लिहू लागला. छायाचित्रं दोन-तीनच लावा, आणि त्यांत सत्कार नको, वर्ग दिसू द्या.

पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांपासून लांब राहा. फोनवर संदेश येतो की तुमची ‘आंतरराष्ट्रीय सर्वोत्तम शिक्षक’ म्हणून निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा, सोहळ्याला या. कॅसमध्ये त्याला किंमत मिळेल असं धरून चालू नका. आणि मुलांना आपण ज्या प्रामाणिकपणाचे धडे देतो, त्यांना अशा सन्मानचिन्हानं बट्टा लागतो.

तासिका तत्त्वावर असाल तर

मराठवाड्यातले कितीतरी नवे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, मानधनही वेळेवर येत नाही. त्यांना ‘अध्यापनाची वही ठेवा’ सांगताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण व्यवस्थेनं त्यांना पुरेसं दिलेलं नाही. तरी सांगतो, कारण मुलाखतीच्या दिवशी ही वहीच तुमच्या बाजूनं बोलेल. प्रत्येक वर्षाचं नेमणूक पत्र, विद्यापीठ मान्यतेचं पत्र आणि घेतलेल्या तासांचं प्रमाणपत्र त्याच वर्षी घ्या. प्राचार्य बदलले, लिपिक निवृत्त झाले की तीन वर्षांपूर्वीचा कागद काढणं फार जड जातं. ‘स्वयम्’ आणि बरेचसे ऑनलाइन एफडीपी तुम्हालाही खुले असतात. अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ तेवढी वाचा. आणि कायम शिक्षकांनो, तुमच्या विभागातल्या अशा सहकाऱ्याला कार्यशाळेची माहिती वेळेत द्या, त्यांच्या तासाला बसा, अर्धं पान लिहून द्या. तुमच्या सहीची त्यांना गरज आहे.

वर्षभराचं गणित

जून-जुलैत आयक्यूएसीला भेट, दोन-तीन अडचणीचे घटक निवडणं, विद्यापीठाच्या पुरस्कारांच्या परिपत्रकावर नजर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिले ‘आधी’चे कागद आणि सहकाऱ्याचा पहिला तास. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येणारा प्रशिक्षण कार्यक्रम पाहा, म्हणजे तास कमी बुडतात. मुलं तोडीला निघायच्या आत त्यांचे फोन नंबर, शक्यतो शेजारच्या एखाद्याचाही, लिहून घ्या. जानेवारीत अभ्यासक्रम निम्म्यावर असताना आयक्यूएसीच्या नमुन्याची वाट न बघता स्वतः छोटा अभिप्राय घ्या, कारण वर्ष संपल्यावर मिळालेला अभिप्राय त्या मुलांच्या उपयोगी पडत नाही. मार्चमध्ये परतलेल्या मुलांचे जादा तास. परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये वार्षिक स्वयंमूल्यमापनाचा अर्ज त्याच वर्षी भरा, वहीतले निवडक कागद त्याला जोडा, एक प्रत आयक्यूएसीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेऊन ती घरी ठेवा.